चहा चाखणारीचे सात महिने

चहाच्या गोदामात ती बारा वर्षं चव घेण्याचं काम करत होती. सगळे तिला ताई म्हणत. लांब टेबलावर पांढऱ्या वाट्या मांडलेल्या. चमच्याने घोट सुर्रकन ओढायचा, जिभेवर घोळवायचा, थुंकून टाकायचा. दिवसाला शंभरेक वाट्या.

पहिलं मूल पोटात तिसऱ्या महिन्यातच गेलं. तेव्हा नणंद सहज बोलून गेली, "वहिनी, दिवसभर चहा तोंडात असतो, त्यानेच तर नसेल?"

दुसऱ्यांदा दिवस राहिले तसा तिने घरचा चहा सोडलाच. कामावर प्रत्येक वाटीनंतर चूळ भरायची, तरी जीव मुठीत. नवरा म्हणायचा, "अगं, डॉक्टरांना विचार ना एकदा."

"आणि त्या हो म्हणाल्या तर?"

पहिलं आपणच घालवलं, हे तिला ऐकायचं नव्हतं.

सातव्या महिन्यात एके दिवशी सकाळपासून बाळ हललंच नाही. निम्म्या वाट्या झाल्या आणि तिने चमचा खाली ठेवला.

"मामा, बाळ हलत नाहीये."

मामा म्हणजे गोदामातले सगळ्यांत जुने चाखणारे. त्यांनी हातातली वाटी तशीच ठेवली. तिला मालाच्या टेम्पोत बसवून थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र ठेवलं. नुसती खरखर. डावीकडे सरकवलं, खाली नेलं. तिने डोळे गच्च मिटले. आणि मग ठोके आले, भरभर, एकसारखे.

यंत्र अर्धा तास लावून ठेवलं. बाळ दोनदा हललं, तेव्हा कुठे तिच्या तोंडून शब्द फुटला. "पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं, ते माझ्या चहाने का हो? दिवसभर चाखून थुंकते मी."

"थुंकलेल्या चहाने? छे! तेव्हा बहुतेकदा गर्भच नीट वाढत नसतो, त्यात आईची चूक नसते. दोन-तीन कप प्यायलात तरी चालेल. कॉफी घेतलीत तर चहा कमी करा. जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर नको, लोह अंगी लागत नाही. काढेबिढे विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि बाळाची हालचाल मंदावली, तर आजसारखंच धावत यायचं."

ती रडली, पण भीती काही गेली नाही. पुढे रोज पोटावर हात ठेवून ती लाथांची वाट बघायची.

मुलगी झाली. जन्मताच रडली नाही. परिचारिकेने पाठ चोळली, दोन श्वासांचा वेळ गेला, ताईने पलंगाची दांडी घट्ट धरली. मग पोरीने असं काही भोकाड पसरलं की बाहेर मामा दचकून उभेच राहिले.