सुमैरच्या पाच रायफली

मुहन्ना बिन धावीचा बसलेला फोटो आमच्या सुमैर गावात कुणाकडे नाही. लग्नाच्या पंगतीतही तो अर्धा उठलेला दिसतो. तीस वर्षं त्याने पाण्याचा टँकर चालवला आणि टँकर जिथे थांबेल तिथे उतरून काचा पुसल्या. घरी बायको झोयाना काही पुसायला गेली की ती आधीच पुसलेली असते. या गोष्टीचा तिला आनंद आहे असं तिने कधी म्हटलेलं नाही.

टँकर आणि घर पुसून उरलेली हौस त्याने गावाच्या रायफलींवर वाहिली.

मोठ्या ईदच्या तिसऱ्या दिवशी वादी म्हणजे कोरड्या नदीचं पात्र; तिच्यापलीकडच्या हुजैर गावाशी आमची नेमबाजी असते. दोन्हीकडून पाच-पाच माणसं, माणशी एक गोळी. दीडशे पावलांवर चुन्याने रंगवलेला, तबकाएवढा दगड. त्या दिवशी सराव नाही आणि दुसरी संधीही नाही. हरलेल्या गावातल्या ज्यांचा नेम चुकला त्यांनी जेवणानंतर समोरच्या गावाला उभं राहून कॉफी ओतायची. एरवी हे काम घरातल्या धाकट्याचं. त्यामुळे पांढऱ्या दाढीच्या माणसांना वाकून कॉफी ओतताना बघायला आजूबाजूची तीन गावं लोटतात.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी आमच्या पाचही रायफली मुहन्नाकडे जात. सगळ्या इंग्रजांच्या काळातल्या, आणि काडतुसंही जवळपास त्याच वयाची. असल्या काडतुसाच्या टोपीतून नळीत मीठ उतरतं, ते ओल धरतं आणि गंज चढतो. नुसत्या तेलाने ते जात नाही. म्हणून मुहन्ना कॉफीच्या किटलीत पाणी उकळायचा आणि किटलीच्या चोचीने ते नळीत सोडायचा. मग पितळी गजाला चिंधी गुंडाळून ती पांढरीशुभ्र बाहेर येईपर्यंत घासायचा. शेवटी तिळाचं तेल. मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरून, नखावरच्या उजेडात तो आत बघायचा. काळा ठिपका दिसला की किटली पुन्हा चुलीवर.

असं सव्वीस वर्षं चाललं. त्यात आम्ही चार वेळा जिंकलो. प्रत्येक पराभवानंतर मुहन्नाचं निदान एकच असायचं, की कुठेतरी घाण राहिली. पुढच्या वर्षी तो आणखी जोराने घासायचा.

नेम फक्त नबहानचा चुकत नसे. सव्वीस वर्षांत एकदाही नाही.

या वर्षी नबहानच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. ईदच्या पहिल्या दिवशी, डोळ्यावर कापसाची चकती लावून, तो रायफल घेऊन मुहन्नाकडे आला.

"या वर्षी माझ्या जागी तू."

"मी? अरे, मी पुसणारा माणूस."

"पुसणाऱ्याला दोन डोळे आहेत. मला सध्या एक, तोही नको त्या बाजूचा. तरुणपणी तू माझ्यापेक्षा बरा मारायचास." नबहानने रायफल त्याच्या मांडीवर ठेवली. "फक्त ही धुऊ नकोस."

"म्हणजे?"

"काल एक गोळी झाडलीय. नळी आहे तशी राहू दे."

"नबहान, आत मीठ आहे! दोन दिवसांत गंज धरेल."

"दगडावर मारून झालं की धू. धुतलेल्या, तेल लावलेल्या नळीची पहिली गोळी वीतभर वर जाते, उजवीकडे. दुसरीपासून बंदूक शुद्धीवर येते. आणि आपल्याला दुसरी मिळते कुठे?"

"पण तुझी रायफल दरवर्षी मीच धुतो."

"धुतोस ना. मी सकाळी येऊन घेऊन जातो, बकरी हरवली म्हणून वादीच्या वळणापलीकडे जातो आणि घाण करून आणतो."

मुहन्नाने पेल्यातली कॉफी न पिताच पेला पुसायला घेतला.

"सव्वीस वर्षं?"

"तशी बकरी दोनदा खरंच हरवली होती."

"मग बाकीच्यांना का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. पण मग तू काय केलं असतंस?"

एवढं बोलून नबहान डोळा दाखवायला शहरात गेला. तो परतणार होता थेट स्पर्धेलाच.

मुहन्नाचे पुढचे दोन दिवस अंगणात गेले. खड्ड्यात पुरून भाजलेलं ईदचं मांस बाहेर निघालं तेव्हा तो उभ्यानेच जेवला. नेमाच्या दगडामागे वादीच्या बांधावर पडलेले गोळ्यांचे डाग तो दरवर्षी स्वतः जाऊन बघायचा. दगडाच्या वर वीतभर, उजवीकडे. सगळे एकाच ठिकाणी, जणू कुणी मन लावून तिथेच मारलं होतं. त्याचा पुतण्या रशूद, शाळेची बस चालवणारा धडधाकट गडी, सलग तीन वर्षं हुजैरच्या लोकांना कॉफी ओतत होता. ती आपणच त्याच्याकडून ओतवली, हे मुहन्नाला आता कळत होतं. गावाला सांगितलं तर सव्वीस वर्षांचं नाव जाणार, गप्प बसलं तर रशूद चौथ्यांदा वाकणार.

"अहो, ती बंदूक आहे की आजारी पाहुणा?" झोयाना म्हणाली. "दर घटकेला जाऊन तोंडात डोकावताय."

"आतून गंजत असेल."

"तुम्हीही गंजाल, एक रात्र झोपलात तर. झोपा."

ईदच्या दुसऱ्या दिवशी बाकीच्या चार रायफली आल्या. हाताने सवयीने त्या धुतल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मुहन्ना त्या चारही खांद्याला लटकवून वादीत गेला आणि प्रत्येकीतून एक-एक गोळी बांधात झाडली.

पाचव्या मिनिटाला सगळे धावत आले. पुढे रशूद, अर्धी दाढी केलेला.

"काका! काय झालं? कोण आलंय?"

"कुणी नाही. नळ्या घाण केल्यात. मुद्दाम." मुहन्नाने मग सगळं सांगितलं. वीतभर वर, उजवीकडे, नबहानची बकरी, सगळं. "सव्वीस वर्षं तुम्ही माझ्यामुळे हरलात," तो शेवटी म्हणाला आणि नजर खाली घालून वाट बघत राहिला.

लोक रागावतील याची त्याने तयारी केली होती. ते एकमेकांकडे बघू लागले, याची नव्हती.

"ऊन लागलंय," रशूद हळूच म्हणाला.

शाळेचा चौकीदार शमीस हा आमचा दुसरा नेमबाज. त्याने आपल्या रायफलीत नख धरून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "काळीकुट्ट! मुहन्ना, मिसरूड नव्हतं तेव्हापासून तूच शिकवलंस ना, घाण नळीची गोळी वाट चुकते?"

"ते खोटं होतं."

"बरं. मग सव्वीस वर्षं खोटं सांगणारा माणूस आजच खरं सांगतोय कशावरून?"

मुहन्नाने मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. मी तर नुसता बघायला गेलो होतो.

"नबहानला विचारा!" मुहन्ना म्हणाला.

"त्याला भूल दिली होती ना? उतरली नसेल अजून."

त्यांनी त्याला घरी आणलं, झोयानाकडून किटली मागून घेतली आणि चारही नळ्या धुऊन होईपर्यंत त्याच्या डोक्यावर उभे राहिले. इतक्या वाईट मनाने मुहन्नाने कधी काही धुतलं नव्हतं. तरी नळ्या लखलखीत निघाल्या; हात ऐकत नव्हते. नबहानची रायफल आत गोधडीत गुंडाळलेली होती. तिची आठवण कुणाला झाली नाही आणि त्याने करून दिली नाही.

दुपारी हुजैरच्या पाचांपैकी तिघांनी दगडावर मारलं. मग आमचे. शमीस, वीतभर वर, उजवीकडे. रशूद, वीतभर वर, उजवीकडे. तिसऱ्याने झटका देत घोडा ओढला, नळी खाली-डावीकडे गेली आणि गोळी बरोब्बर दगडावर बसली. गावाने त्याच्या स्थिर हाताचं कौतुक केलं. चौथा, वर, उजवीकडे. शेवटी मुहन्ना. तो एवढा वेळ स्थिर राहिलेला लोकांनी प्रथमच पाहिला. चुन्याची धूळ उडाली.

दोन विरुद्ध तीन. आम्ही हरलो.

"बघा!" शमीस सगळ्यांना सांगत होता. "स्वतःची कशी धुतली असेल!"

"माझी धुतलेली नव्हती," मुहन्ना म्हणाला.

"किती मोठेपणा," रशूद कॉफी ओतता ओतता म्हणाला. "आमच्या नळ्या धुताना काकांचं मन नव्हतं, नाहीतर..."

हुजैरचा म्हातारा शेख हुवैशल पंगतीत मुहन्नाच्या शेजारी बसला होता. तो जवळजवळ नेहमीच जिंकायचा, त्यामुळे स्वभावाने उदार होता.

"मुहन्ना, आमच्याकडे तुझ्यासारखं माणूस नाही. आमची पोरं कुठल्या तरी बकरीवर झाडलेली बंदूक तशीच उचलून आणतात. लाज वाटते. पुढच्या वर्षी आमच्याही पाच धुऊन देशील?"

मुहन्नाने दिवसभरात तिसऱ्यांदा खरं सांगितलं. "शेख, धुतलेल्या नळीची पहिली गोळी वर जाते. वीतभर. मी हे सगळ्यांना सांगितलंय."

हुवैशल हसला. "नसेल द्यायच्या तर सरळ नाही म्हण ना. असली कारणं कशाला?"

शहरातून नुकताच पोचलेला नबहान समोर बसला होता. त्याने चकती लावलेला डोळा उगाच चोळला. रशूद हुवैशलचा पेला भरायला वाकला आणि तसाच, चौथ्या वर्षीही, वाकलेला राहिला, कारण म्हाताऱ्याला सावकाश प्यायची सवय होती.

मुहन्नाने पुतण्याच्या पाठीकडे बघितलं. मग मांडी घालून नीट बसला.

"आणा," तो म्हणाला. "पण आदल्या दिवशीच आणा. त्याआधी नको."

"आणि तेल?"

"तिळाचं. सढळ हाताने लावतो."