सुधारकाचा कोरा कागद

घरीदारी त्याला सगळे 'सुधारक' म्हणायचे. समाजबिमाज सुधारायच्या भानगडीत तो कधी पडला नाही हो! तो सुधारायचा कंपन्यांचे लोगो, आणि तेही कुणी न सांगता. दिवसभर छापखान्यात औषधांच्या खोक्यांची डिझाइनं करायची आणि संध्याकाळी घरी येऊन कुठल्यातरी कंपनीचं चिन्ह नव्याने काढायचं, असा त्याचा नेम. टूथपेस्टची ट्यूब हातात आली की दात राहायचे बाजूला, हा पठ्ठ्या अक्षरांमधलं अंतर निरखत बसायचा.

एकदा कुलपाच्या कंपनीचा सिंह त्याच्या तावडीत सापडला. आधी आयाळ गेली, मग शेपूट गेलं, मग पायही गेले.

"आता हा बटाटा कुलूप राखणार का रे?" ताईने विचारलं.

"व्यायाम असतो ताई हा. त्याने हात तयार राहतो."

"राहू दे बाबा. सिंहाला नको कळू देऊस."

ताई म्हणजे मोठी बहीण. आई गेल्यावर तिनेच शिवणकाम करून त्याला लहानाचं मोठं केलं. बाहेरच्या खोलीत, दारामागे तिचं मशीन. दार उघडलं की मशीनला धडकायचं. आता कुठे तिने कोपऱ्यावर एक गाळा घेतला होता आणि रविवारी दुकान उघडायचं ठरलं होतं.

"पाटीवरची खूण तूच काढायचीस," तिने बजावलं. "दुसऱ्या कुणाची मी लावणार नाही."

सुधारक ऐटीत बसला. समोर कोरा कागद. त्याने पेन्सिलींना टोक काढलं, टेबल पुसलं, मग पंखासुद्धा पुसला. कागद कोराच! आजवर कुणाचं तरी काहीतरी समोर असायचं, त्यातल्या चुका काढता यायच्या. इथे चूक काढायची तरी कशातली? आठवडा सरत आला, पेंटर हेलपाटे घालून वैतागला. ताईने उभ्या आयुष्यात त्याच्याकडे ही एकच गोष्ट मागितली होती.

शेवटी तो मान खाली घालून म्हणाला, "पेंटरलाच काढू दे ताई. मला नाही जमत."

ताई उठून मशीनवर जाऊन बसली.

सकाळी चहाच्या कपाशेजारी एक कागद होता. "मीच काढली खूण," ताई म्हणाली. "दुपारी पेंटर आला की देऊन टाक."

सुधारकाने कागद बघितला आणि चहाचा घोट घशातच अडकला.

"अगं, ही कात्री आहे की बेडूक?"

"कात्रीच आहे. मला आवडली."

"आणि हे वर्तुळ? पातेलं चेपल्यासारखं दिसतंय!"

"दिसू दे. तू हात लावू नकोस त्याला."

झालं! हात लावू नकोस म्हटल्यावर त्याच्या हाताला खाज सुटली. त्या दिवशी त्याने छापखान्याला दांडी मारली, आंघोळीलाही. दुसऱ्या कागदावर बेडकाचे पाय सरळ केले, पाती उघडली. कात्रीच्या एका कडीतून दोरा काढला आणि तोच दोरा फिरवून तिच्याभोवती वर्तुळ केलं. पेंटर येईस्तोवर खूण तयार! ताईने बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "बरी आहे."

रविवारी पाटी लागली. सुधारकाची छाती फुगली होती. येईल त्याला तो खिशातला बेडूक काढून दाखवायचा. "हे ताईचं! मी होतो म्हणून दुकानाची लाज राहिली." शेजारीपाजारी खो खो हसत होते, ताईही हसत होती.

तेवढ्यात शेजारची काकू आपल्या नातीला घेऊन आली. घेरदार झगा शिवायचा होता. ताईने मेजावर कापड पसरलं, खडू उचलला आणि काकूशी बोलता बोलता, खाली धड न बघता, हात फिरवला. कापडावर वर्तुळ उमटलं.

सुधारक सवयीने खोट काढायला वाकला. एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. रेघ कुठे म्हणून हलली नव्हती.

त्याने हातातला बेडूक आणि ते चेपलेलं वर्तुळ बघितलं. मग ताईचा हात बघितला. लहानपणी पाटीवर पहिला गोल याच हाताने त्याचा हात धरून काढून घेतला होता. त्याचे कान तापले, डोळे भरून आले.

"काय रे बघतोस एवढं?" ताईने कात्री उचलली. "यातही काही सुधारायचंय का?"

"नाही ताई," तो म्हणाला आणि बेडकाची नीट घडी घालून त्याने ती वरच्या खिशात ठेवली.