शिरस्तेदारकाकांची निळसर माणसं

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत शिरस्तेदारकाकांच्या तावडीतून खरं बोलल्याशिवाय कुणी सुटत नसे. जन्मभर कोर्टात साक्षीदारांना शपथ देण्याची नोकरी केलेली. हुद्दा साध्या कारकुनाचा. शिरस्तेदारपदाची बढती चाळीनेच दिलेली. भाजीवाली मेथी ताजी म्हणाली की हे जुडी वर धरून विचारणार, "शपथेवर सांगतेस?" ती बिचारी मुकाट्याने दुसरी जुडी काढून द्यायची.

मी लग्न होऊन त्यांच्या शेजारच्या खोलीत आले. एरवी कोर्टातली ठसठशीत मराठी बोलणारे काका मायेत आले की मालवणीवर घसरत. काकी गेल्या तेव्हा ते दोन महिने कुठल्याच भाषेत बोलले नाहीत. मग एकदा माळा आवरताना त्यांना पुठ्ठ्याचं खोकं सापडलं. आत लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यासाठी रंगवलेले बोटभर मातीचे मावळे आणि एक वाळका ब्रश. नोकरी लागल्यावर सुटलेला नाद सत्तरीत पुन्हा जडला.

लालबागच्या एका कारखान्यातून ते न रंगवलेले मावळे, गवळणी, वासुदेव आणत आणि खिडकीत पाट मांडून बसत. "डोळे आधी काढूचे नाय," मला सांगत, "तो आपल्याक बघूक लागलो की हात कापता." रंगवून झालं की थेट माझ्या दारात. "शपथेवर सांग गो, कसो झालो?"

आणि मी खोटं बोलायचे. चेहरे निळसर यायचे हो, थंडीने काकडल्यासारखे. काकांचा मोतीबिंदू पिकत चालला होता. पांढरंसुद्धा त्यांना पिवळट दिसे, म्हणून ते प्रत्येक रंगात निळा मिसळत. पण काकी गेल्यापासून पहिल्यांदाच हा माणूस जेवायची वेळ विसरून कशात तरी रमलेला. त्याला काय सांगायचं? "मस्त झालाय, काका," मी म्हणायचे. अख्ख्या चाळीने तेच म्हटलं आणि एकेक निळा मावळा नेऊन आपापल्या शोकेसमध्ये ठेवला.

ऑपरेशनचा हट्ट माझाच. नीट दिसलं की अजून छान रंगवतील, एवढाच विचार. अक्कल गहाण ठेवली होती मी! पट्टी निघाल्यावर मी गेले तर काका खिडकीशी बसले होते. हातात अंजिरी साडीतली गवळण. ती गवळण नव्हतीच, त्या काकी होत्या. रंगवताना त्यांनीच मला सांगितलं होतं.

"हिचो चेहरो असो होतो?" त्यांनी विचारलं.

मी गवळणीच्या निळसर चेहऱ्याकडे बघितलं.

"तुला दिसत होतं ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून, काका."

"बरं वाटायला मी विचारत नव्हतो. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नव्हता, म्हणून विचारत होतो. तुझ्यावर होता."

मला रडू फुटलं. त्यांनी उठून मला पाणी दिलं. चिडले असते तर परवडलं असतं.

मग ते दारोदार फिरून सगळी मातीची माणसं परत घेऊन आले. "राहू द्या हो, छान आहेत," लोक म्हणायचे, आणि हे नुसता हात पुढे करून उभे. सहा महिने रंगवत बसले. काय सांगू, एकेकाच्या गालात रक्त खेळायला लागलं! पण परत देताना कसा झालाय म्हणून कुणालाही विचारलं नाही. मलाही नाही.

काकींना त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतलं. काका झोपेतच गेले, त्याच्या आठवडाभर आधीची ही गोष्ट. मी खीर घेऊन गेले तर गवळण खिडकीत वाळत होती. कपाळावर घामाचं तेज, उन्हातून आल्यासारखा तांबूस चेहरा.

"काका, अगदी साक्षात काकी आहेत हो!"

"बरं," ते म्हणाले आणि ब्रश धूत राहिले.

तेवढ्यात गॅसवाला सिलिंडर घेऊन आला. नवा होता, चाळीत पहिल्यांदाच आलेला. काकांनी घाईघाईने हात पुसले आणि गवळण त्याच्यासमोर धरली.

"बघ रे, कशी झालीय?"

त्याने सिलिंडर खाली टेकवला, वाकून बघितलं. "एकदम जिवंत वाटते, आजोबा. घरातलं कोण आहे काय?"

काकांचे डोळे भरून आले. कितीतरी दिवसांनी ते हसले, त्या गॅसवाल्याकडे बघून. मी खिरीची वाटी घेऊन तिथेच उभी होते.