टिटवीची अंडी उंचावर

पक्षी बघायचे म्हटलं की लोक समुद्रकिनारी जातात, हॉटेलं बुक करतात. आमच्या जालना जिल्ह्यात किनारा म्हणजे पाझर तलावाचा काठ. तोही ठेकेदाराच्या मशीनच्या तोंडी दिलेला.

तलाव वाटूरच्या पुढे, माझ्या मामाच्या गावाला. कागदावर तिथून गाळ काढतात. ट्रॅक्टरमधून जातो तो मुरूम. मी पत्रक काढलं, फाट्यावर उभी राहून वाटलं. दुपारी तिथल्याच हॉटेलात भजी मागवली, तर ती माझ्याच पत्रकावर आली.

त्या फाल्गुनात अवकाळीनं ठाण मांडलं होतं. मामा आणि मी खताच्या पोत्यांच्या खोळी डोक्यावर घेऊन तलावाच्या भिंतीवर बसायचो. दुर्बिणीच्या काचा सारख्या ओढणीनं पुसायच्या. मधल्या पाण्यात चक्रवाकांची जोडी, परतीच्या वाटेवरची. चारी बाजूंनी खड्डे पडलेले; उथळ पाण्याची एकच पट्टी शिल्लक होती, आणि लांब पायांचे शेकाटे तेवढ्यातच दाटीवाटीनं चरत होते. त्याच पट्टीच्या कडेला उघड्या मुरमावर टिटवीनं चार अंडी घातली होती. पावसात ती हलायची नाही. चोचीवरनं पाणी ठिबकायचं आणि ही बसलेली.

मी खाली उतरून मशीनवाल्याला गाठलं.

"ताई, मालक म्हणतो उचल, मी उचलतो," तो म्हणाला. "पण अंड्यावर बकेट घालायची न्हाई बा आपल्याला. मलाबी लेकरं हायेत. पिल्लं निघूस्तोवर तेवढी पट्टी सोडतो. मंग मात्र बिलकुल ऐकायचो न्हाई. मंग तुम्ही अजून एक पत्रक काढा!"

आणि हसला. मला तेवढंच हवं होतं. तोवर माझ्या अर्जावर तहसीलमधून कुणीतरी पाहणीला येईल, काम थांबेल. निदान ती पट्टी वाचेल.

तहसीलमधून कुणी आलं नाही. गाव मात्र आलं. आमच्याकडे टिटवीची अंडी बघून पावसाचा अंदाज धरतात. उंचावर घातली तर पाऊस भरपूर, खाली घातली तर वर्ष कोरडं. माणसं यायची, खड्ड्याच्या कडेची अंडी बघायची आणि तोंडं पाडून परत जायची. शेकाट्यांकडे एकानंही मान वळवली नाही. अख्खा तलाव उपसून चाललाय, त्याची चिंता नाही. चिंता कसली, तर अंडी खाली घातल्याची!

"यंदा सोयाबीन इसरा," एक जण मामाला म्हणाला. मामा खाली अंड्यांकडे बघत राहिला.

एका दुपारी गारांसकट पाऊस झोडपून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, तर पाणी चढून टिटवीच्या जागेच्या हातभर अलीकडे थांबलं होतं. जागा कोरडी होती. अंडी नव्हती. रिकाम्या खळग्याभोवती टिटवी ओरडत फिरत होती.

मामा भिंतीवर उभा होता. "वर हायेत की! पाणी चढू राह्यलं होतं. घमेल्यात मुरूम घेतला, त्याच्यावर अलगद ठेवून आणली. एकाला तडा न्हाई."

"मामा, ती इथं कशी येईल? तिची जागा खाली आहे!"

"येईल की. आई हाय ती." मग हलक्या आवाजात, "अन् पाऊसबी बराबर होईल आता."

मी अंड्यांना हात लावला. दगडासारखी गार. ती मी खाली नेऊन खळग्यात ठेवली. टिटवी आली आणि बसली. पण मधल्या वेळात गावातली दोन माणसं भिंतीवरची अंडी बघून गेली होती. संध्याकाळी पारावर मामाला बोलावून चहा पाजला.

टिटवी बसली ती बसलीच. चक्रवाक निघून गेले. ऊन तापायला लागलं, अंड्यांचे दिवस भरून गेले. मी तहसीलला तीनदा जाऊन आले. साहेब कधी मीटिंगला, कधी दौऱ्यावर. मशीनवाला शब्दाला जागला. बाकी सगळं खणून झालं, तरी ती पट्टी त्यानं सोडली होती. मालकाच्या शिव्या खाल्ल्या, पण सोडली. रोज विचारायचा, "निघाली का?" मी म्हणायचे, "निघतील."

मग एका सकाळी टिटवी नव्हती. अंडी होती तशीच होती. दुसऱ्या दिवशीही ती आली नाही.

मशीनवाला खाली उतरून माझ्याजवळ आला. "न्हाई ना निघायची आता?"

"नाही."

"मंग उचलू?"

नियम, कलमं, पत्रकातली वाक्यं, सगळं मला पाठ होतं. पण आमच्यात ठरलं होतं ते पिल्लांचं. मी मान डोलावली.

मशीनवर चढता चढता तो थांबला, परत आला. गळ्यातला गमजा काढून त्यात चारी अंडी घेतली.

"ताई, ही कुठं ठेवू?"

मागं उभा असलेला मामा म्हणाला, "दे इकडं," आणि अंडी घेऊन भिंत चढायला लागला. खाली मशीन सुरू झालं तसे शेकाटे उडाले, तलावावर दोनदा फिरले आणि उतरायला जागा न दिसल्यानं हायवेच्या बाजूला गेले.