आत्याच्या वाडीपर्यंत जीप

पालीहून निघालो तेव्हा बाबा इस्त्रीचा सदरा घालून माझ्या शेजारी बसले होते. त्यांची एकुलती एक बहीण, हरिहरेश्वरची माझी आत्या, वाडी (नारळ-पोफळींची बाग) विकून मुलाकडे बडोद्याला कायमची जाणार होती, त्याआधी तिला भेटायला आम्ही चाललो होतो. जवळचा रस्ता म्हसळ्यावरून, पण बाबांना आगरदांड्यावरूनच जायचं होतं. लग्नानंतर आत्याला त्यांनी याच जीपने तिथल्या धक्क्यावर पोचवलं होतं. तेव्हा गाडी पलीकडे नेणारी बोट नव्हती. आत्या लाँचमध्ये बसली आणि बाबा रिकामी जीप घेऊन परतले.

मुरूड मागे पडलं, खाडी दिसू लागली आणि बॉनेटमधून उग्र वास आला. चार्जिंगचा काटा टोकाला जाऊन बसला होता.

"थांबव. बॅटरी उकळतेय," बाबा म्हणाले.

कडेला ताडगोळे विकणारी बाई उठून आली. "काय झाला ओ? बोट लागलीय धक्क्याला."

बाबांचं गॅरेज बंद होऊन बरीच वर्षं झाली. हात आता थरथरतात. "तूच उघड," ते म्हणाले. मी बॅटरीची तार सोडवून रेग्युलेटरची काळी डबी उघडली.

बाबा आतल्या भागांकडे बोट दाखवत सांगू लागले, "इंजिन जोरात फिरलं की डायनामो वीज जास्त करतो. ती वाढली की हे वेटोळं पट्टीला ओढतं, ही टोकं सुटतात आणि डायनामोचा जोर उतरतो. वीज कमी झाली की स्प्रिंग टोकं परत टेकवते. सारखं चालू असतं हे. आज टोकं चिकटलीत, म्हणून त्याला आवरायला कोणी नाही."

"नाही सुटली तर?"

"डायनामोची तार काढून नुसत्या बॅटरीवर घरी जायचं." त्यांनी खाडीकडे पाहिलं.

मी टोकं अलगद सोडवली, पॉलिश पेपरने घासली. बॅटरीची तार परत जोडून गाडी सुरू केली. काटा उसळला, थरथरला आणि मधोमध येऊन टेकला. डबीतून बारीक गुणगुण आली. लहानपणी गॅरेजात बाबा मला गप्प करून हीच गुणगुण ऐकायचे. आत्ताही त्यांनी डोळे मिटले. बाईने ओंजळभर ताडगोळे दिले, "पलीकडं खा, पळा!"

दिघीला उतरून श्रीवर्धनमार्गे पोचलो. आत्या अंगणात आली. जीपच्या टपावर हात ठेवून उभीच राहिली.

"दादा, ही अजून आहे?"

तिने घावन आणि नारळाचा रस वाढला. जेवताना म्हणाली, "बडोद्याला रविवारी निघायचंय. तोवर पालीला नेतोस?" बाबा जेवण आटोपून उठले आणि जीपची पुढची सीट पुसू लागले.

परतताना आत्या पुढे बसली. बोटीवर सगळे वाऱ्याला उतरले, ती नाही उतरली. एस.टी.ने ती माहेरी कितीतरी वेळा आली होती. भाऊ न्यायला आल्याचं सुख मात्र वेगळं असावं. रोहा मागे पडल्यावर ती रस्त्यावरची घरं ओळखू लागली. चुकली की बाबा मागून तिला वेड्यात काढायचे, ती उलटून भांडायची. पाली येईपर्यंत दोघंही माझ्यापेक्षा लहान झाली होती.