मोहाखालचा पाला

ते पत्रक मीच लिहिलं होतं. ‘जंगलाला आग लावणारा जंगलाचा वैरी!’ उद्गारचिन्हासकट. विरारच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी एक आदिवासी पाडा आहे, तिथल्या प्रत्येक कुडावर मी ते स्वतःच्या हाताने चिकटवलं. मला राग आला की आधी मथळा सुचतो.

पाड्यावरची एक म्हातारी, जिला मी मावशी म्हणायचे, दर माघात मोहाच्या झाडांखालचा पाला जाळायची. पुढे गळणारी फुलं दिसावीत म्हणून. मी तिला काडेपेटीसकट पकडलं तेव्हा ती हसली. ‘‘पाला नाय जाळला तं फुलं काय तुझा कागद येचून देनार गो बाय?’’

मी दुसरं पत्रक छापलं. वनरक्षकाने पाड्याला दम दिला. त्या वर्षी कुणी काडी ओढली नाही.

चैत्रात भर दुपारी डोंगर पेटला. कुणी पेटवला, आजही माहीत नाही. तो का थांबला नाही, हे मात्र पक्कं माहीत आहे. मोहांची रांग डोंगराच्या कमरेला आडवी आहे. मावशी आणि तिचा नवरा दरसाल पहाटेच्या दवात तिथला पाला थोडाथोडा जाळायचे, आणि त्या काळ्या पट्ट्यापाशी येऊन वणवा उपाशी मरायचा. त्या वर्षी तिथे गुडघाभर पाला होता. मी राखलेला. आमच्या झाडं लावणाऱ्या गटाने वर लावलेली सगळी रोपं गेली. मावशीचे चार मोहही गेले.

गटातले ‘पुन्हा लावायचं पावसाळ्यात बघू’ म्हणाले. पावसाळा आला, गेला. ग्रूपवर आता फक्त वाढदिवसाचे केक येतात.

यंदा माघात एकटीच पाड्यावर गेले. मावशी दारात सूप पाखडत होती.

‘‘मावशी, चूक माझी होती. वनरक्षकाशी बोललेय, तो सोबत उभा राहायला तयार आहे. पाला जाळायला चला ना.’’

तिने मान वर केली नाही. ‘‘तुझ्या कागदाला ने संगती.’’

मी निघाले तेव्हा मागून म्हणाली, ‘‘एकटी पेटवू नको. एक काडी लावतो, दुसरा हिरवा डहाळा घेऊन उभा ऱ्हातो. आमचा म्हातारा ऱ्हायचा. आता तो बी नाय.’’

वनरक्षक आला नाही. तीन पहाटा मी दाताळ्याने पाला ओढत राहिले. हाताला फोड आले, झाडं झाली दोन. बाकी रांग तशीच. काडेपेटी खिशात होती, डहाळाही तोडून ठेवला होता, पण तो धरायला कुणी नव्हतं. दव सुकलं, वारा सुटला, आणि मी माणिकपूरला घरी आले.

फाल्गुनात पुन्हा गेले. रांगेतल्या सगळ्या मोहांखाली फुलं पाल्यात कुजत पडली होती. फक्त मी झाडलेल्या दोन झाडांखाली एकही फूल नव्हतं. कुणीतरी वेचून नेली होती.

मी हाक मारून पाहिली. कुणी ओ दिली नाही. मग तिसऱ्या झाडाखाली दाताळं टेकवलं.