मारोतीभाऊंच्या चंचीतला पेनड्राइव्ह

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं किती कठीण, ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणाची.

आमचं गाव सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून. गावाला मोठा तलाव. त्या तलावावर गावाचा सामूहिक हक्क लागावा म्हणून दावा टाकायचा होता, आणि पुरावा म्हणजे बारा म्हाताऱ्या माणसांच्या जबान्या. कोण कधीपासून मासे धरतं, हद्द कुठून कुठपर्यंत. लॅपटॉप गावात एकट्या माझ्याकडे. लोकांचे फॉर्म भरून देणं हाच माझा धंदा. मग जबान्यांचे व्हिडिओ मीच काढले. जरा मिरवलोही.

त्यात सायत्राबाईंची जबानी सगळ्यांत महत्त्वाची. तलावाच्या पूर्वेकडचे हद्दीचे दगड फक्त त्यांनाच ठाऊक होते. नव्वदीच्या घरातली बाई काठी टेकत उन्हातून चालत गेली आणि एकेक दगड बोटानं दाखवला.

बारा व्हिडिओ म्हणजे जड काम, आणि आमच्याकडे नेटवर्क कसलं? म्हणून सगळे एकाच फाइलीत बांधून झिप केली, पेनड्राइव्हवर टाकली. तालुक्याला न्यायचं ठरलं मारोतीभाऊंनी. मारोतीभाऊ म्हणजे आमच्या मासेमारांतले सगळ्यांत जुने. गावातली अर्धी जाळी त्यांच्या हातची.

झिप झाली की ती एकदा तपासून घ्यायची — दहा मिनिटं लागतात. हे मी दुसऱ्यांना शिकवतो! पण मारोतीभाऊ दारात उभे, एसटीची वेळ झालेली. लॅपटॉप जुना, जागा भरलेली. मी जागा करायला मूळ व्हिडिओ पुसून टाकले. तपासलं नाही आणि पुसले. मोबाइलमधले तर आधीच उडवले होते — मेव्हण्याच्या लग्नाचं शूटिंग करायचं होतं ना.

दोन महिन्यांनी दाव्याचे कागद जुळवायला तालुक्यात ती फाइल उघडायला घेतली. उघडेना. आणि त्या दोन महिन्यांत सायत्राबाई वारल्या होत्या.

मारोतीभाऊ पेनड्राइव्ह घेऊन थेट माझ्याकडे आले. मी तो लावला — फाइल खराब. मग लॅपटॉपवर झिपची जी मूळ प्रत राहिली होती, ती उघडली. तीही खराब. अगदी तोच संदेश. म्हणजे काय, ते मला त्याच क्षणी कळलं. पेनड्राइव्हवर जायच्या आधीच ती बिघडलेली होती — माझ्याच घरात, माझ्याच हातानं.

समोर मारोतीभाऊ बसलेले. हातात तंबाखूची चंची, कापडी. ती उलटीसुलटी करत म्हणाले, "बाबू, मी याच्यातच ठेवला होता जी. जाताना नाल्यात पाय घसरला, चंची वली झाली. माह्यानंच झालं काय?"

मी काय करायला हवं होतं? लॅपटॉप त्यांच्याकडे वळवायला हवा होता. नुसतं "नाई, भाऊ" म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी म्हणालो —

"पाणी लागलं का असंच होते, भाऊ."

त्यानंतर आठ दिवस मी ती झिप दुरुस्त करत बसलो. फाइल दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा चालवलं. हळूहळू अकरा जबान्या निघाल्या. बारावीत सायत्राबाई दिसतात, काठी टेकतात, बोट उचलतात — आणि चित्र फुटतं. आवाज तर नाहीच. ते बोट कुठे जाणार होतं? मी किती वेळा पाहिलं असेल ते. शेवटी लॅपटॉपवरची प्रत मी पुसून टाकली. का, ते तुम्हाला कळलंच असेल. कुणी विचारलं तर सांगायचं, पेनड्राइव्हमधून काढलं.

ग्रामसभेत मारोतीभाऊ स्वतःहून उभे राहिले. "गुना माहा हाय," म्हणाले. लोक चिडले, बोलू नये ते बोलले. मी पहिल्याच ओळीत होतो. खाली बघत होतो. पूर्वेकडचा भाग दाव्यातून गळला. बाकीचा तलाव मिळाला. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

आमच्याकडे वर्षातून एकदा तलाव धरतात, म्हणजे सगळं गाव मिळून मासे काढतं. पाळीवर, तलावाच्या बांधावर, माशांचे सारखे वाटे लावतात, घरटी एक. त्या वर्षी मारोतीभाऊंनी आपला वाटा घरी नेला नाही. पळसाच्या पानांत बांधून माझ्या दारी आणून दिला. "तुले लय तरास झाला माह्यापायी. माहा दंड समज." मी नको म्हटलं — खरंच म्हटलं? म्हटलं असेल, हळू आवाजात. तेव्हापासून दरवर्षी आणतात. तलाव धरायचे दिवस आले की माझी झोप उडते. दरवर्षी ठरवतो, या खेपेला सांगायचं.

परवा पुन्हा तलाव धरला. मारोतीभाऊ आले. आता डोळ्यांनी कमी दिसतं, तरी चांगली हातभर मरळ निवडून आणली होती. पान माझ्या हातात दिलं, बसले, पाणी प्यायले आणि गेले.

बायकोनं रस्सा केला. मी दोनदा वाढून घेतला.